चाबकाचे वाक्य

वेल्हे, ता. ९ जानेवारी १९३८

"थांबा मास्तर," ती म्हणाली, आणि मी थांबलो.

'जनमुख'चा अंक माझ्या हातात होता. पाराभोवती बाजाराची पन्नास-साठ माणसे बसली होती. तुझे साप्ताहिक मी दर बाजारी असेच मोठ्याने वाचतो. बाजी, त्याबद्दल तू एकदा माझे छापील कौतुकही केले होतेस. 'वेठीला गेलेला म्हातारा : एका खेडूत स्त्रीचे पत्र' मी वाचत होतो. तिसऱ्या परिच्छेदात 'चाबकाचे फटके मारीत त्यांना घरातून ओढून नेले' हे वाक्य आले आणि बायकांच्या घोळक्यातून साळूबाई उठली.

"ह्ये म्या सांगितलं न्हाई. मामंजींना कुणी मारलं न्हाई. काढा ते."

कोणीतरी हसले. फुलाबाई म्हणाली, "अगं बया, छापील हाय ते. खडूनं लिवलंय व्हय, पुसायला?"

"मास्तरच म्हनत्यात, चुकलं तर तितंच टोका. म्हनून टोकलं."

खरे आहे. मुंबईला गिरणीत गेलेल्यांच्या बायका बाजाराच्या दिवशी माझ्याकडे पत्र सांगायला येतात. त्या सांगतात, मी लिहितो, मग सगळे वाचून दाखवतो. चुकले तर तिथेच टोका, असे दहा वर्षे मीच त्यांना शिकवत आलो. साळूबाई शिकवल्याप्रमाणे वागली. ती उठेपर्यंत ते पत्र कोणाचे, हे त्या बाजारात माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हते. तिने एक वाक्य नाकारले आणि बाकीची सगळी तिच्या नावावर झाली.

कोंडिबा तंबाखूवाल्यापाशी उभा होता. तो तिच्या वाडीचा पोलीसपाटील आणि तिच्या नवऱ्याचा चुलतभाऊ. वेठीची पाळी सांगायला तोच तिच्या दारात गेला होता; त्याच वेठीत तिचा सासरा मेला. तुझ्या वाक्यात चाबूक कोणाच्या हातात आहे हे लिहिलेले नाही, पण वाडीला ते लिहावे लागत नाही.

"वैनी, म्या चाबूक हानला?"

"न्हाई हानला म्हनूनच उठले न्हवं, भावजी!"

"आता उठून काय करतीस? समद्या बाजारानं ऐकलं."

तंबाखू तशीच टाकून तो गेला.

मी तुला पाठवलेल्या प्रतीत चाबूक नव्हता. तिच्या नवऱ्याला, गेनूला, तिचे पत्र टाकण्याआधी मी त्याची नक्कल केली होती. तिला विचारले नव्हते. नाव काढून टाकले की विचारल्यासारखेच आहे, असे मला वाटले. भाषा थोडी शुद्ध केली, एवढेच. चाबूक तुझा आहे.

पुढच्या अंकात चार ओळींचा खुलासा छाप. पत्र खरे आहे, चाबकाचे वाक्य संपादकाचे आहे. एवढेच. खाली तुझी सही.

मानसिंग


वेल्हे, ता. २१ जानेवारी

बाजी,

तुझे उत्तर पोहोचले. खुलासा नाही, हेही अंक पाहून समजले.

तू लिहितोस, 'वेठ हाच मुळात चाबूक आहे. मी तो फक्त दिसेल असा केला.' हे वाक्य चांगले आहे. तुझी वाक्ये भोरच्या शाळेतही चांगली असत. निबंधाला तुला बक्षीस मिळे आणि त्यातली माहिती माझी असे. तू पुढे लिहितोस, की खुलासा छापणे म्हणजे वेठीच्या बाजूने साक्ष देणे, आणि आज छापखान्याच्या गळ्याशी हात आलेला असताना वृत्तपत्राने आपल्या तोंडाने चूक कबूल करायची नसते. छापण्याचे स्वातंत्र्य तुला पाहिजे. मलाही पाहिजे. पण बाजी, न बोललेले नाकारायचे स्वातंत्र्य कोणाकडे मागायचे? त्या बाईने ते पारावर घेतले. तिला कायदा ठाऊक नव्हता. तुला सगळी कलमे तोंडपाठ आहेत आणि तू चार ओळी छापू शकत नाहीस.

इकडचे ऐक.

कोंडिबाच्या बायकोने साळूबाईला पाणवठ्यावर आपली घागर बाजूला घेऊन वाट दिली. अशी वाट देणे म्हणजे वाळीत टाकणे, हे तुला समजावे. तू इथलाच आहेस. संक्रांतीला तिच्याकडे कोणी तिळगूळ घेऊन गेले नाही. कोंडिबाचे लोक म्हणतात, हिने भाऊबंदाला खुनी ठरवले. उरलेले म्हणतात, मारलेच असेल, पण आता घाबरून फिरली. दोन्ही बाजूंना ती खोटीच.

परवा गेनूचे पत्र आले. ते मलाच वाचून दाखवावे लागले. गिरणीतल्या खोलीवर कोणीतरी त्याला तुझा अंक वाचून दाखवला. त्यातला म्हातारा आपलाच बाप, हे त्याने ओळखले. वाडी, केळदचा साहेबांचा तळ, तिथवर वाहायचे तंबूचे ओझे, सगळे जुळले. त्याने लिहवून घेतले आहे :

'माझ्या बापाला मारीत नेलं हे मला परक्याच्या तोंडून कळलं. तू लिहवलंस की आपल्या पायानं गेले. छापलेलं खोटं कसं असंल? तू कोंडिबाला झाकलंस. तुझं पत्र मी बंबात टाकलं. आता येतो तो कोंडिबाकडं आधी बघतो आन मग तुझ्याकडं.'

मी वाचून थांबलो. ती म्हणाली, "सपलं?"

"संपलं."

"मास्तर, ते माज्या हातचं कागद जाळत्यात आन छापखान्याचं खरं मानत्यात. हातानं लिवल्यालं म्हंजी खोटं आसतं व्हय?"

मी म्हणालो, खुलासा येईल. तुझ्या भरवशावर म्हणालो.

तुझ्या पत्रात शेवटी आहे, 'मूळ प्रत माझ्यापाशी जपून आहे. हवी तर तीच जशीच्या तशी छापतो.' प्रतीचा इथे प्रश्न नाही. प्रत तुझ्याकडेच राहू दे. फक्त खुलासा छाप.

मानसिंग


वेल्हे, ता. ८ फेब्रुवारी

बाजी,

तू लिहिलेस, सहा तारखेला आईला भेटायला भोरला जातो, कापूरहोळला मोटार थांबते, तिथे ये, समोरासमोर बोलू. मी पाच तारखेला शाळा सुटल्यावर निघालो. रात्र नसरापुरात काढली. सकाळी कापूरहोळच्या फाट्यावर चहाच्या छपरात बसलो. पुण्याच्या पहिल्या मोटारीतून तू उतरला नाहीस. दुसरीतूनही नाही. दुपारी चहावाल्याला माझी दया आली.

"कुनाची वाट बघताय?"

मी तुझे नाव सांगितले.

"जनमुखवालं? आवो, ते कालच गेलं की! हितं बसून भजी खाल्ली. लई गोड मानूस. मला येक पुस्तक दिलं."

"काय लिहिलंय त्यात?"

"म्या कुठं वाचतोय? पन वरचं चित्र झ्याक हाय."

वरचे चित्र चाबकाचे होते. 'वेठीची पत्रे'. आत तुझी प्रस्तावना, आणि पहिले पत्र साळूबाईचे. तिने बाजारात सर्वांसमोर ते वाक्य नाकारले आहे हे तुला ठाऊक असताना तू ते पुन्हा छापलेस. आणि आता तेवढेही पुरले नाही. चाबकाच्या पुढे 'म्हाताऱ्या पाठीवर रक्ताचे वळ' आले आहेत. महिन्याभरात चाबूक वाढला, बाजी. तिसऱ्या आवृत्तीत काय होईल?

मलपृष्ठाच्या आत बारीक अक्षरात : 'या पत्रांचे पुनर्मुद्रण, भाषांतर व जाहीर वाचन यांचे सर्व हक्क संपादकाच्या स्वाधीन आहेत.'

चहावाला पुस्तक देईना. मी ते तिथेच बसून वाचले आणि नक्कल करून आणली. नक्कल करायची मला सवय आहेच.

काल साळूबाई आली. तिला सगळे सांगावे लागले. हक्क म्हणजे काय, असे तिने विचारले. मी म्हणालो, आता ते पत्र कोणाला छापायचे किंवा चारचौघांत वाचायचे असेल तर संपादकांना विचारावे लागेल.

"मलाबी?"

मी नकलेचा कागद घडी करून ठेवला.

"म्हंजी सासरा माजा मेला, बोलले म्या, आन माजं बोलनं मला बोलायचं तर पुन्याला जाऊन इचारायचं?" मग ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. "बरं झालं, मास्तर. रडायचंबी इचारूनच रडत जाईन."

हे तुला कळावे म्हणून लिहितो. तू हे छापू नकोस.

मानसिंग


वेल्हे, ता. १९ फेब्रुवारी

तुझ्या पुस्तकाची एक प्रत वरपर्यंत पोहोचली. चौकशी लागली आहे. काल एक अंमलदार आला, कचेरीत बसला. मला, कोंडिबाला आणि साळूबाईला बोलावले.

अंमलदार सभ्य आहे. आवाज चढवत नाही. त्याने कोंडिबाला विचारले, तू मारलेस का? कोंडिबा म्हणाला, नाही. साळूबाईला विचारले, याने मारले का? ती म्हणाली, नाही. अंमलदाराने टाक खाली ठेवला आणि म्हणाला, "मग झालं. पत्र खोटं."

"पत्र खरं हाय, सायेब. तेवढं येक वाक्य खोटं हाय."

"बाई, एक खोटं तर बाकीचं कशावरून खरं?"

त्याने कागद तयार करून आणलाच होता. 'सदर पत्र मी सांगितलेले नाही. सासऱ्याचा मृत्यू तापाने झाला. वेठीला कोणी नेले नव्हते.' तिने फक्त अंगठा द्यायचा. कोंडिबावरचा आळ जाईल, गेनूला सरकारी कागदाची नक्कल पाठवता येईल, पाणवठा मोकळा होईल. सगळ्यांची सोय. बाजी, तू चाबूक घातला नसतास तर त्याला हा कागद लिहिता आला नसता. वेठीला नेल्याचे सगळी वाडी सांगू शकत होती. चाबकाचे कोणीच सांगू शकत नाही. त्याने बरोबर तुझे वाक्य धरले आणि त्याला धरून सगळे पत्र बाहेर ओढले.

कोंडिबा हळूच म्हणाला, "दे की वैनी अंगठा. सुटू दे समद्यांना."

ती म्हणाली, "भावजी, तुमी दारात आला तवा काय बोललासा ते सांगा आदी."

कोंडिबा जमिनीकडे बघत म्हणाला, "म्हनलं, पाळी तुमच्या घराची हाय. घरातनं येक मानूस पायजे."

"घरात मानसं किती हुती?"

"दोन. आबा आन तू."

"आन आबा तापलं हुतं."

"व्हय."

"मंग पदर कुनी खोचला?"

ती अंमलदाराकडे वळली. "म्या खोचला, सायेब. वजं उचलायला म्या निगाले हुते. मामंजी हातरुनातनं उठलं. म्हनलं, तू बस, म्या जातो. पागुटं बांदलं. म्या भाकरी दिली बांदून. आपल्या पायानं गेलं ते, माज्या वाटनीचं वजं न्यायला. तिसऱ्या दिशी चौगांनी आनलं. मारीत नेलं म्हनलं तर ते माज्यासाटी गेलं न्हाईतच. आन नेलंच न्हाई म्हनलं तर ते मेलं कशानं? तुमी दोगंबी माज्याकडनं त्यांचं जानं काडून घेताय."

'दोगंबी' म्हणजे अंमलदार आणि तू.

अंमलदाराने अंगठा मागितला नाही. म्हणाला, मूळ पत्र दाखवा. ते बंबात गेले. मग साळूबाईच म्हणाली, "मास्तरांनी उतरून घेतल्यालं कागद पुन्याला हाय. मास्तरांच्या हातचं हाय. त्यात ते न्हाईच. ते आना." आणि माझ्याकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल जरासुद्धा शंका नव्हती.

अठ्ठावीस तारीख दिली आहे.

प्रत पाठव, बाजी. पूर्वी लिहिले होते की प्रतीचा प्रश्न नाही. आता आहे. रजिस्टर टपालाने पाठव. संपादक बातमीदाराचे हस्तलिखित कोणाच्या हाती देत नाही, हे तत्त्व मला ऐकवू नकोस. बातमीदार मीच आहे.

मानसिंग


वेल्हे, ता. २७ फेब्रुवारी, सायंकाळ

प्रत आली. तू पाठवशील असे वाटले नव्हते. खरे सांगायचे तर पाठवणार नाहीस याचाच आधार वाटत होता.

सोबत तुझी एक ओळ : 'तिसरा परिच्छेद स्वतः वाच आणि मग मला लिही.'

वाचला. 'अंगात ताप असताना त्यांना फरफटत नेले.' अक्षर माझे आहे. काना-मात्रा स्वच्छ. खाडाखोडही नाही.

ती म्हणाली होती, 'ते गेले.' गेनूला गेलेल्या पत्रात मी तसेच लिहिले होते. ते मी तिला वाचून दाखवले होते आणि तिने टोकले नव्हते. नक्कल मात्र घरी बसून केली. ती कोणाला वाचून दाखवायची नव्हती. 'ते गेले' एवढ्याने पुण्यात कोण थांबेल, असा विचार केल्याचे मला आठवते. 'फरफटत' लिहिले आणि बरे वाटले. पानाला वजन आले. तुझ्या साप्ताहिकात दोन वर्षे माझ्या बातम्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात येत होत्या. हे पत्र तू पहिल्या पानावर घेतलेस.

मी विसरलो नव्हतो. पारावर ती उठली तेव्हा तुझा चाबूक माझ्या हातात होता, पण मला आधी माझाच शब्द आठवला. म्हणून पहिल्या पत्रात 'भाषा थोडी शुद्ध केली' असे लिहिले. म्हणून प्रत तुझ्याकडेच राहू दे म्हणालो. तुला हे कळलेच असेल. तू हे इतके दिवस लिहिले नाहीस, हा तुझा सभ्यपणा की धोरण, मला ठरवता येत नाही. फरफटत नेणाऱ्याच्या हातात चाबूक देणे सोपे होते. तू दिलास.

आता तीन गोष्टी करता येतात. एक, प्रत आली नाही असे सांगणे. टपालाच्या पोचपावतीवर मीच सही केली आहे, पण कचेरीत ती कोणी तपासणार नाही. दुसरी, उद्या वाचताना तो शब्द गाळून वाचणे. अंमलदार कागद हातात घेऊन पाहील न पाहील. तिसरी तुला ठाऊक आहे. तिसरीत शाळा जाते. 'संस्थानच्या नोकरीत असताना वर्तमानपत्राला बातम्या पुरवल्या' हे कलम माझ्यासाठी पुरेसे आहे; 'खोट्या पुरवल्या' हे वरती.

मघाशी साळूबाई येऊन गेली. ओट्याखाली उभी राहिली.

"आला का कागद?"

"आला."

"हाय न्हवं बराबर?"

मी म्हणालो, "उद्या वाचतो."

"मंग झालं," ती म्हणाली. पावट्याच्या शेंगा आणल्या होत्या त्या ओट्यावर ठेवल्या. "गेनूबी आलाय काल. उद्या येतो म्हनला कचेरीत. मास्तर वाचतील ते ऐकतो म्हनला. तुमचं वाचनं त्येला ठावं हाय."

ती गेल्यावर मी चूल पेटवली. शेंगा सोलल्या. प्रत चुलीजवळ होती. मी ती उचलून फडताळात ठेवली. यात धैर्य काही नाही. एकदा बंबात गेले आहे, दुसऱ्यांदा चुलीत जाऊ नये, एवढेच मनात आले.

तुला खुलासा मागायचा माझा हक्क राहिला नाही. तरीही मागतो. माझे वाक्य माझ्या नावावर छाप, तुझे तुझ्या. मग जे उरेल त्यावर तिचे नाव घाल, आणि घालण्याआधी तिला विचार. हक्क स्वाधीन ठेवायचे तर असे ठेव.

हे पत्र उद्याच्या टपालात टाकीन. जागा उरली आहे, ती उद्यासाठी सोडतो.


ता. २८, दुपार

कचेरीत मी प्रत वाचली. 'फरफटत'पाशी आलो आणि शब्द वाचला.

"थांबा," साळूबाई म्हणाली.

मी थांबलो.

"ह्येबी म्या सांगितलं न्हाई."

अंमलदाराने विचारले, मग हे कोणाचे? मी म्हणालो, माझे. कारकुनाने ते लिहून घेतले. शाळेच्या किल्ल्या त्याने मागण्याआधीच मी टेबलावर ठेवल्या. अंमलदाराने अंगठ्याचा कागद पुन्हा पुढे सरकवला. गेनू दाराशी उभा होता, कोंडिबापासून हातभर अंतरावर.

तिने कागदाकडे पाहिले नाही. मला म्हणाली, "वाचा मास्तर. फुडचं माजं हाय."

मी शेवटपर्यंत वाचले. तिने पुन्हा टोकले नाही.